मिसबाईंच्या हातचे पोहे

सिंगापुरातल्या आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये एकेकाळी इंग्लंडातलं एक अख्खं खानदानी घराणं राहून गेलं, असं मी सांगायला लागले की माझी मुलगी म्हणते, "आई, वन ओल्ड लेडी ओन्ली, लाह." तिचं बरोबर आहे. माणूस एकच होतं. पण मिस विनिफ्रेड अ‍ॅशलॉक आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या त्या दोन ट्रंका घेऊन, आणि त्यांतल्या एका ट्रंकेत कपडे होते आणि दुसरीत पूर्वज. एक बिशप, काही सेनापती, पत्त्यांत गावंच्या गावं हरलेले एक काका, घोड्यावरून पडून मेलेले बरेच जण, आणि या सगळ्यांच्या बायका, ज्या बहुतेक बाळंतपणात गेल्या होत्या. ही सगळी मंडळी फोटोंच्या आणि कागदांच्या रूपानं येऊन आमच्याकडे राहिली आणि माझं तरुणपण त्यांच्या संगतीत गेलं. आज सेरंगूनच्या माझ्या घरात बसून हे लिहिताना मला माझ्या सख्ख्या आत्याच्या नवऱ्याचं नाव आठवायला वेळ लागतो, पण ते पत्तेबाज काका होरेशिओ होते, हे चटकन आठवतं.

घरात आम्ही तिघं. पण बाबा बोटीवर चीफ इंजिनियर, त्यामुळे प्रत्यक्षात दोघीच. ते सुट्टीवर आले की घर एकदम लहान वाटायचं. इंजिनरूममुळे त्यांना मोठ्यानं बोलायची सवय होती, आणि "चटणी दे" हे ते अशा आवाजात म्हणत की शेजारच्या लिम आंटी चटणी घेऊन धावत येतील असं वाटे. ते परत बोटीवर गेले की कुकरच्या शिट्ट्या, लिम आंटींकडच्या माजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट आणि पुलावरून जाणारी एमआरटी मेट्रो, एवढेच आवाज उरत. मागची खोली भाड्यानं द्यायची कल्पना आईचीच. तिला बोलायला माणूस हवं होतं, पण ती तसं कबूल करणार नव्हती. आधी तिथे विद्यापीठातला एक कोरियन संशोधक राहिला. तो इतका शांत होता की तो खोली सोडून गेल्याचंही आम्हाला जरा उशिरानंच कळलं. त्याच्यानंतर मिसबाई आल्या. मुलींच्या एका शाळेत त्यांनी अर्धं आयुष्य इंग्रजी आणि पियानो शिकवला होता आणि शाळेनं दिलेल्या जुन्या बंगल्यात त्या राहत होत्या. तो बंगला पाडून तिथे काँडोची इमारत होणार असं ठरलं, तेव्हा खाली नोटीस बोर्डावर लावलेली आमची चिठ्ठी वाचून त्या वर आल्या.

आईनं दारातच विचारलं, "कुकिंग? यू कुकिंग व्हॉट?" आपल्या कढयांमध्ये काय काय शिजेल या भीतीनं तिची झोप उडाली होती. मिसबाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांना अंडंसुद्धा उकडता येत नाही. हे सांगताना चेहऱ्यावर संकोच म्हणून नव्हता. आपल्याकडे एखादा "आमच्या घराण्यात कुणी कधी नोकरी केली नाही" असं सांगतो ना, त्या थाटात त्यांनी ते सांगितलं. अ‍ॅशलॉकला, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या घरी, स्वयंपाकघर तळघरात होतं आणि घरच्या मुलींनी तिथे पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. आईचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिला दुसरा घोर लागला, की जी बाई रांधत नाही ती जेवते काय? त्या संध्याकाळपासून मिसबाई आमच्या टेबलावर जेवू लागल्या. आमटी-भात त्या काट्याचमच्यानं खात, एक शीत पडू न देता, आणि उठताना रोज त्याच सुरात म्हणत, "मिसेस तळगावकर, अप्रतिम." आमच्याकडे जेवणाची तारीफ करायची पद्धत नव्हती. बाबांच्या मते जेवण चांगलं झालं की माणूस गप्प जेवतो आणि बिघडलं की बोलतो. त्यामुळे पहिले काही दिवस ही बाई आपली थट्टा करते आहे असंच आईला वाटलं. नंतर नंतर मात्र ती ताटं उचलायची मुद्दाम थांबू लागली, तो शब्द येईपर्यंत.

आई स्वतः स्वयंपाक कधी चाखत नसे. चाखून मीठ घालतात ते शिकाऊ लोक, असं तिचं म्हणणं. तिला वासावरून कळायचं. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता, आणि तो अभिमान दाखवायला घरात कुणी नव्हतं; मी अभ्यासात आणि बाबा समुद्रात.

मिसबाई त्या ट्रंकेतल्या कागदांवरून आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. दुपारी चार वाजता आई त्यांना चहा देई, आणि चहाबरोबर दोघींच्या गप्पा सुरू होत. आईचं इंग्रजी क्रियापदांच्या भानगडीत पडत नसे आणि मिसबाईंचं इंग्रजी क्रियापदाशिवाय श्वास घेत नसे, तरी दोघींचं उत्तम जमायचं, कारण दोघींना एकाच विषयात रस होता : कोण कुणाचा कोण. सिंगापुरात आईला हे विचारता येईल असं माणूसच भेटलं नव्हतं. इथल्या मराठी बायका घर, व्हिसा आणि मुलांच्या शाळा यांवर बोलत. मिसबाई मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या चुलत चुलत मावशीवर तासभर बोलू शकत, आणि आई मान डोलावत ऐके. एकदा तिला कळलं की अ‍ॅशलॉक मंडळींत चुलतभावंडांची लग्नं सर्रास होत. तिनं कपच खाली ठेवला. "मृदुला, विचार त्यांना, सेम गोत्र? सख्खे चुलत?" मी विचारलं. मिसबाई म्हणाल्या, "त्यामुळे जमीन घरातच राहते." आई मला मराठीत म्हणाली, "आणि अक्कल बाहेर जाते. म्हणूनच ते होरेशिओ तसे निघाले." याचं भाषांतर कर म्हणून मिसबाई मागे लागल्या. मी सांगितलं, आई म्हणते, फार दूरदृष्टीची पद्धत आहे.

याची परतफेड म्हणून आईनं एके दिवशी कपाटातून आमचा कुलवृत्तांत काढला. तळगावकरांचा तो जाडजूड ग्रंथ सिंगापूरला येताना आईनं पुरणयंत्राच्या शेजारी ठेवून आणला होता. मिसबाईंनी आधी हात धुतले, मग पानं उलटली. एवढ्या आदरानं तो ग्रंथ कुण्या तळगावकरानंही कधी हाताळला नसेल. "यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं. आईनं बाबांच्या नावाखाली बोट ठेवलं. बाबांचं शिक्षण होतं, हुद्दा होता, बोटीवरचा अनुभव होता. त्याखाली 'पत्नी : सुमती', आणि त्याखाली 'मुली : एक'. ती एक म्हणजे मी. आईनं सांगितलं की सुमती हे तिचं खरं नाव नाही. तिचं नाव कमल, पण लग्नात ताटलीत तांदूळ पसरून त्यांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. मिसबाईंनी ग्रंथ हलकेच मिटून आईच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त आडनाव काढून घेतात. आम्ही एवढ्या कसोशीनं काम करणारे लोक नाही."

आता मुख्य गोष्टीकडे येते. मिसबाईंना घरी जायचं होतं. अ‍ॅशलॉकचं मोठं घर त्यांच्या भावाला मिळालं होतं आणि भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाला, जाइल्सला. पण फळबागेच्या फाटकाजवळ एक छोटं दोन खोल्यांचं घर होतं आणि "विनी, तुला परत यावंसं वाटलं तर ते तुझं," असं भावानं तोंडी म्हटलं होतं. तोंडीच. खिडकीतून चर्चची भिंत दिसते, तिथे त्यांची आई पुरलेली आहे, शेजारी जागा मोकळी आहे, हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या घराचा जिना कुठे करकरतो तेसुद्धा मला माहीत झालं होतं. आणि आता जाइल्स आणि त्याची बायको कॅरोलाइन ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेत सिंगापूरला उतरणार होते आणि आत्याला भेटायला येणार होते. "ते बघतील मी कशी राहते ते," मिसबाई म्हणाल्या, "आणि मग त्यांचं ते ठरवतील." मी म्हटलं, तुम्ही सरळ सांगा ना, की मला ते घर हवंय. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जणू मी त्यांना रस्त्यात वाटी घेऊन बसायला सांगत होते. अ‍ॅशलॉक मागत नाहीत. अ‍ॅशलॉकना देऊ केलं जातं. जाइल्सनं ती अरुंद खोली बघावी, गॅलरीत बांबूवर वाळणारे लिम आंटींचे कपडे बघावेत, आणि आपण होऊन त्याला वाटावं, एवढीच त्यांची योजना होती.

आईनं यातलं नेमकं एकच वाक्य उचललं. तिचे डोळे चमकले. "म्हणजे बघायला येतायत!"

माझ्या आईचा दोष नव्हता. आमच्या घरांत दुसऱ्या घरची दोन माणसं कुणाला तरी 'बघायला' येतात आणि 'मग ठरवतात', तेव्हा काय करायचं याची एकच पद्धत आहे, आणि ती तिला झोपेतही येत होती. तिच्या स्वतःच्या बघण्याचे बरेच कार्यक्रम झाले होते, आणि माझे व्हायचे होते. तिनं पदर खोचला. मागच्या खोलीला नवे पडदे लागले. पलंगावर बाबांनी जपानहून आणलेली, कधीही न वापरलेली चादर आली. लिम आंटींकडून पितळी दिवा आणि दोन खुर्च्या आल्या. ट्रंकांवर भरतकामाचे रुमाल घालून त्यांची टेबलं झाली, आणि ज्या खिडकीतून ते कपडे दिसून जाइल्सला कळवळा यायचा होता, त्या खिडकीत ऑर्किडची कुंडी बसली. मिसबाई दारात उभ्या राहून आपल्या दैन्याचा एकेक पुरावा नाहीसा होताना बघत होत्या. "मिसेस तळगावकर, खरंच एवढं नको," असं त्या म्हणाल्या. पण 'नको' हा शब्द आमच्याकडे 'आणखी वाढा' अशा अर्थीच घेतला जातो, हे त्यांना इतकी वर्षं आमच्याकडे जेवून कळायला हवं होतं. लिम आंटी खुर्च्या घेऊन आल्या तेव्हा सगळीकडे बघून म्हणाल्या, "वाह, सो ग्रँड! हू गेटिंग मॅरीड?" आई म्हणाली, "नोबडी." लिम आंटींनी मिसबाईंच्या मोत्यांच्या ब्रोचकडे पाहिलं. "हर, अह?"

त्या दिवशी सकाळपासून घरात कांदा, फोडणी आणि ओल्या नारळाचा वास भरून राहिला होता. पोहे टेक्का बाजारातल्या दुकानातून दोनदा बदलून आणलेले, कारण पहिले फार पातळ निघाले. नारळाच्या वड्या झाल्या, शंकरपाळी झाली. आईनं मिसबाईंना समजावून सांगितलं : पाहुणे आधी बसतील, मग तुम्ही ट्रे घेऊन बाहेर यायचं, उजेडाकडे तोंड करून बसायचं आणि फार बोलायचं नाही. मला हसू आवरेना. पण मिसबाईंनी लक्ष देऊन ऐकून घेतलं. यजमानीणबाईंच्या घरी यजमानीणबाईंची रीत, हाही त्यांच्या घराण्याचाच नियम होता.

जाइल्स उंच, गुलाबी आणि घामेजलेला होता. कॅरोलाइन बारीक होती आणि तिची नजर आमच्या भिंतींवरून अशी फिरत होती की मला उगाचच वाटलं, आता ही माझे मार्क विचारणार. थोड्या वेळानं मिसबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची ती बाई, जिच्या घरात ट्रे नेहमी दुसऱ्यांनी उचलले, ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून पोह्यांच्या बशा सांभाळत, ओठ मिटून, एकेक पाऊल टाकत येत होती. मला अजून ते दृश्य दिसतं, पण आता हसू येत नाही. नंतर मी स्वतः असाच ट्रे घेऊन अशीच बाहेर आले, तेव्हा मला आठवण झाली ती मिसबाईंची.

जाइल्सनं पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. मग बोलायचं सोडून तो खातच सुटला. आई त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती ते डोळे मला ओळखीचे होते. आता येणार, आता येणार, असं माझ्या मनात येतंय तोवर ते वाक्य आलंच. बघण्याच्या कार्यक्रमात आजवर कुठलीही आई जे बोलल्याशिवाय राहिलेली नाही, ते वाक्य.

"शी मेड," आई म्हणाली आणि मिसबाईंकडे बोट दाखवलं. "ऑल शी मेड. विथ ओन हँड."

कॅरोलाइनचा चमचा थांबला. "विनिफ्रेड आत्या, हे तुम्ही केलं?"

मिसबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या समोरच बसले होते, त्यामुळे सगळं दिसत होतं. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द म्हणजे आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच मुलीदेखत खोटं पाडणं. त्यांनी तोंड मिटलं. मग पेला उचलून पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "माणूस हळूहळू शिकतं."

"एव्हरीडे शी कुक," आईला जोर चढला. "व्हेरी हॅपी. व्हेरी होमली."

कॅरोलाइननं नवऱ्याकडे बघून असा सुस्कारा सोडला की मला पुढचं सगळं कळून चुकलं. "आणि आम्ही उगाच काळजी करत होतो," ती म्हणाली. "त्या फाटकाजवळच्या घरात ओल इतकी आहे, जिना तसला, आणि तिथे एकटीनं राहायचं... शिवाय सुट्टीवर येणारे लोक ते भाड्यानं मागतच असतात. इथे तुमचं सगळं किती छान बसलंय!" जाइल्स पोह्यांनी भरलेल्या तोंडानं म्हणाला, "अगदी. आत्या, तुझा मला हेवा वाटतो." त्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं. निघताना दोघांनी खोलीत डोकावून ऑर्किडचं कौतुक केलं, आणि लिफ्टपाशी जाइल्स म्हणाला, "ऑस्ट्रेलियाहून परतलो की कळवतो."

दार लावल्या लावल्या आई फुगडी घालायची तेवढी बाकी होती. "तीनदा घेतलं! पसंत आहे, बघ. नक्की होणार." मी म्हटलं, "आई, ते 'कळवतो' म्हणाले." आईचा चेहरा उतरला. 'कळवतो' म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मिसबाईंनीच मग, कपबशा गोळा करत असल्यासारखं दाखवत, पण एकही न उचलता, तिला हळूहळू सांगितलं : ते घर त्यांना मिळणार नाही. इथे त्यांचं फारच उत्तम चाललं आहे. "मी केलं हे," आई मला म्हणाली. "माझ्या तोंडानं केलं." मग तिनं डोळे पुसले आणि इंग्रजीत जाहीर केलं, "टुमॉरो आय गो हॉटेल. आय टेल ट्रुथ." मिसबाई म्हणाल्या की ते शक्य नाही. त्यांच्या यजमानीणबाई खोटं बोलल्या असं कुणी म्हटलेलं त्या खपवून घेणार नाहीत, मग ते यजमानीणबाईंनी स्वतः का म्हटलेलं असेना.

सकाळी आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि मला घेऊन एमआरटीत बसली. वाटभर ती ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होती. हॉटेलच्या लॉबीत जाइल्स आणि कॅरोलाइन सामानाजवळच उभे होते, टॅक्सीची वाट बघत. आईनं नमस्कार केला आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. "यस्टर्डे आय टेल लाय. शी नो कुकिंग. ऑल आय कुक. शी कॅनॉट बॉइल वन एग. शी लोनली. शी वाँट गो होम. प्लीज." लॉबीतले लोक बघायला लागले. मीसुद्धा, माझ्या शाळेतल्या इंग्रजीत, हे अक्षर न् अक्षर खरं आहे म्हणून सांगितलं.

जाइल्सनं आईचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. "मिसेस तळगावकर, आत्यानं आत्ताच फोन केला होता. ती म्हणाली, माझी यजमानीण येईल, आणि मला इंग्लंडला पाठवण्यासाठी मी अगदी निकामी आहे असंही शपथेवर सांगेल. इतकी ती चांगली आहे. तिचं मनावर घेऊ नका. तुमच्यासारखी मैत्रीण मिळाली, हे आत्याचं भाग्य." टॅक्सी आली. कॅरोलाइन आत बसताना माझ्याकडे बघून हसली, आणि तिला सगळं नीट समजलं आहे हे त्या हसण्यात मला दिसलं. त्याबद्दल मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही. आईचं खोटं त्यांनी पोह्यांबरोबर खाल्लं होतं, आणि तिचं खरं मात्र चांगुलपणा म्हणून परत केलं.

घरी आलो तर टेबलावर आमची किटली, तीन कप आणि सगळीकडे सांडलेली साखर. मिसबाईंनी चहा केला होता, आयुष्यातला पहिला. पाणी उकळलं नव्हतं, पत्ती वर तरंगत होती आणि दूध कुठल्या क्षणी घातलं होतं ते समजायला मार्ग नव्हता. आई बसली आणि तिनं तो कप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "व्हेरी नाइस," ती म्हणाली. मिसबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मिसेस तळगावकर, ही तुमची खोटं बोलायची सवय तेवढी सोडा." आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मिसबाई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, जरा घाबरतच, एखाद्या अनोळखी मांजराला गोंजारावं तसा.

त्या मग शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. पुन्हा त्या स्वयंपाकघरात कधी गेल्या नाहीत आणि आईनं जाऊ दिलं नाही. माझ्या लग्नात त्या आईच्या शेजारी बसल्या, आणि माझं नाव बदलायचा विषय निघाला तेव्हा माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "मला ह्या वयात नवीन नाव पाठ होणार नाही." म्हणून मी मृदुलाच राहिले. एका सकाळी त्या उठल्या नाहीत. जाइल्सला कळवलं, तेव्हा त्याचं उत्तर लगेच आलं, की अस्थी अवश्य पाठवाव्यात, चर्चच्या भिंतीजवळ जागा आहे. जिवंत माणसाला ओल बाधते. राखेला बाधत नसावी. बाबांची बोट तेव्हा इंग्लंडला जाणार होती. त्यांनी तो कलश केबिनमध्ये स्वतःच्या उशाशी ठेवून नेला, आणि घरातल्यांशीही मोजकं बोलणाऱ्या माझ्या बाबांनी बंदरावर आलेल्या जाइल्सला त्यांच्या त्या इंजिनरूमच्या आवाजात सुनावलं, "शी वाँटेड टु कम अर्लियर."

ट्रंकेतले कागद जाइल्सनं मागवून घेतले होते. पुढे त्यांवरून अ‍ॅशलॉक घराण्याचा इतिहास छापून निघाला, आणि एक प्रत आईच्या नावे आली. मी तेव्हा माझ्या मुलीला घेऊन माहेरी आले होते. आईनं आधी हात धुतले. मग म्हणाली, "त्यांचं वाच." बिशपला चार पानं होती, होरेशिओंना सहा. मिसबाई शेवटून दुसऱ्या पानावर होत्या. मी मराठीत करून वाचलं : 'विनिफ्रेड. अविवाहित. सिंगापूर येथे वास्तव्य. तिच्या हातच्या रुचकर पदार्थांसाठी, विशेषतः तांदळाच्या एका पिवळ्या पदार्थासाठी, ती तेथे नावाजलेली होती.'

मला हसू फुटलं. मग मी आईकडे पाहिलं आणि हसायची थांबले. कपाटात आमचा कुलवृत्तांत होता. त्यात तिच्याबद्दल एका परक्या नावाखेरीज काही नव्हतं. आयुष्यभर तिनं रांधलं, आणि त्याबद्दल छापलेला एकमेव चांगला शब्द हा, इंग्लंडात, दुसऱ्याच बाईच्या नावावर. मला फार वाईट वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. आईचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

"'नावाजलेली' असंच लिहिलंय?"

"हो."

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, त्या पानावर, तिला न वाचता येणाऱ्या त्या ओळींवर, तळहात ठेवला.

"त्या दिवशी मीठ जरा कमीच पडलं होतं," ती म्हणाली.